लाख, लेबल आणि निशाणी

लोकमान्य टिळक टर्मिनसला जुने कुर्लेकर अजूनही कुर्ला टर्मिनसच म्हणतात. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथे भल्या पहाटे येतात. बाहेर रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा गलका असतो आणि वर खांबांवर कॅमेरे असतात. ५ जानेवारी २०१४च्या पहाटे आंध्रातल्या मछलीपट्टणमची २३ वर्षांची एक संगणक अभियंता तरुणी इथे उतरली. सुट्टीत घरी जाऊन ती मुंबईतल्या कामावर परतत होती. अंधेरीतल्या वसतिगृहात ती पोहोचलीच नाही. ११ दिवसांनी, १६ जानेवारीला, पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या झुडपांत तिचा मृतदेह सापडला.

मार्च २०१४मध्ये एका माणसाला अटक झाली. टर्मिनसच्या कॅमेऱ्यांतल्या चित्रणात तो तिच्याबरोबर दिसतो, असे पोलिसांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०१५मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. डिसेंबर २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई, न्या. प्रशांत कुमार मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने त्याला निर्दोष सोडले. तोवर तो जवळजवळ अकरा वर्षे तुरुंगात होता आणि त्यातली नऊ वर्षांहून अधिक फाशीच्या छायेत गेली होती.

निर्दोष सोडण्याची कारणे अनेक होती. दुसऱ्यापाशी दिलेला म्हणून सांगितलेला कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटला नाही. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जागोजागी तुटलेली दिसली. पण ज्या चित्रणावर सगळा खटला उभा होता, ते चित्रण पुराव्यातच घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. कारण भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब(४)खालचा दाखला त्यासोबत नव्हता. हा दाखला म्हणजे एक-दोन पानांचा कागद. हे चित्रण कोणत्या यंत्रातून निघाले, ते यंत्र कुणाच्या ताब्यात होते, नीट चालत होते का आणि त्यातून प्रत कशी काढली, एवढे त्यात लिहून जबाबदार माणसाने सही करायची असते. ती सही झाली नाही.

त्या तरुणीचे नाव या लेखात नाही, कारण अशा गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. सुटलेल्या माणसाचेही नाव नाही, कारण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आहे. फौजदारी खटल्यात पुराव्याची वस्तू आणि पुराव्याचा कागद कसा बांधायचा, त्यावर काय लिहायचे, तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला हे कसे दाखवायचे आणि आरोपीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलाला ही सगळी कारागिरी का शिकावी लागते, हा या लेखाचा विषय आहे.

निशाणी म्हणजे काय

महाराष्ट्रातल्या न्यायालयांत ‘एक्झिबिट’ला मराठीत ‘निशाणी’ म्हणतात. दिवाणी कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ‘निशाणी पाच’ ठाऊक असते: तात्पुरत्या मनाईहुकुमाचा अर्ज. खटल्यात दाखल होणाऱ्या कागदांना ओळीने क्रमांक पडत जातात आणि मग निकालापर्यंत त्या कागदाला त्याच क्रमांकाने हाक मारली जाते. ‘निशाणी २३वरील पंचनामा’, ‘निशाणी ४१वरील शवचिकित्सा अहवाल’ अशी निकालपत्राची भाषा असते. चाकू, शर्ट, मोबाईल अशा वस्तूंना ‘आर्टिकल’ म्हणून वेगळा क्रमांक मिळतो. एखादा कागद साक्षीदाराला दाखवला, पण तो अजून शाबित झालेला नाही, अशा वेळी त्यावर ओळखीपुरती ‘एक्स’ची खूण होते. ‘एक्स’ची खूण असलेला कागद फाईलमध्ये असतो, पण पुराव्यात नसतो. वकिलीच्या पहिल्या वर्षातल्या ज्युनिअरला हा फरक बहुतेक वेळा चूक करूनच कळतो.

वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या पद्धती असल्यामुळे अपिलात वरच्या न्यायालयांचा गोंधळ होई. हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि २० एप्रिल २०२१ रोजी फौजदारी खटल्यांच्या कामकाजाचे नमुना नियम मंजूर करून सर्व उच्च न्यायालयांना ते स्वीकारायला सांगितले. सरकार पक्षाच्या कागदांना ‘पी’, बचावाच्या कागदांना ‘डी’, न्यायालयाने स्वतः मागवलेल्यांना ‘सी’ आणि वस्तूंना ‘एमओ’ अशी अक्षरे त्यात आहेत. त्याच नियमांत बचावासाठी फार मोलाची एक तरतूद आहे. तपासात जप्त केलेल्या पण दोषारोपपत्रात न वापरलेल्या वस्तूंची, कागदांची आणि जबाबांचीही यादी आरोपीला द्यायची. पोलिसांना निरुपयोगी वाटलेला कागद आरोपीच्या सुटकेचा कागद असू शकतो, हे त्यामागचे साधे कारण.

क्रमांक पडला म्हणजे कागद सिद्ध झाला, असा समज सर्रास आढळतो. सेठ ताराजी खिमचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्येच सांगून ठेवले आहे की, निशाणी पडल्याने कागद शाबित करण्याची जबाबदारी संपत नाही. पण दुसरी बाजूही आहे. कागद ज्या रीतीने शाबित केला जातो आहे त्या रीतीवर हरकत घ्यायची असेल, तर ती निशाणी पडते त्याच क्षणी घ्यावी लागते, असे २००३च्या व्यंकटाचल गौंडर निकालाने स्पष्ट केले. मूळ कागदाऐवजी झेरॉक्स पुढे आली आणि बचावाचा वकील त्या वेळी गप्प बसला, तर ती हरकत नंतर घेता येत नाही. म्हणून अनुभवी वकील समोरच्या पक्षाचा सरतपास, म्हणजे त्याने आपल्याच साक्षीदाराची घेतलेली साक्ष, चालू असताना खाली मान घालून लिहीत बसत नाहीत. साक्षीदाराच्या हातात कोणता कागद दिला जातो, तिकडे त्यांची नजर असते.

फाईल हाती आल्यावर

कुर्ल्यातल्या दंडाधिकारी न्यायालयात रोज हजर होणाऱ्या आरोपींमध्ये हातावर पोट असलेली माणसे पुष्कळ. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३०नुसार ती आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत द्यायची आहे. घरचे लोक पिशवीत घालून ती वकिलाकडे आणतात. तिथून बचावाचे खरे काम सुरू होते आणि ते अत्यंत रुक्ष असते.

पहिले काम पानांना क्रमांक देण्याचे. कोणते पान नाही, कोणते दोनदा आले, कोणत्या पंचनाम्याची मागची बाजू झेरॉक्स करायची राहून गेली, हे पाने मोजल्याशिवाय कळत नाही. मागच्या बाजूलाच पुष्कळदा पंचांच्या सह्या आणि पंचनामा संपल्याची वेळ असते.

दुसरे काम तक्त्याचे. मोठा कागद घेऊन प्रत्येक जप्त वस्तूसाठी एक ओळ आखायची. वस्तू कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून जप्त झाली. पंच कोण, राहणारे कुठले. वस्तू कशात गुंडाळली, लाखेची मोहोर लावली का, पंचांच्या सहीचे लेबल आत-बाहेर लावले का. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत ती कोणत्या क्रमांकाने, कोणत्या दिवशी चढली. प्रयोगशाळेकडे कधी रवाना झाली, कोणत्या अंमलदाराने नेली. तिथे कधी पोहोचली. अहवालात सीलचे वर्णन काय आहे.

तक्ता भरत गेले की रिकाम्या चौकटी आपोआप डोळ्यांत भरतात. जप्ती ३ तारखेची आणि नोंदवहीतली नोंद ६ तारखेची असेल, तर मधले तीन दिवस ती वस्तू कुणाच्या टेबलावर, कुणाच्या कपाटात होती? पंचनाम्यात एक पुडी आणि प्रयोगशाळेत दोन पुड्या पोहोचल्या, तर दुसरी आली कुठून? शर्टाचा रंग पंचनाम्यात निळा आणि अहवालात राखाडी असेल, तर शर्ट तोच का? उलटतपासाचे नेमके प्रश्न याच रिकाम्या चौकटींतून निघतात.

तिसरे काम जबाबांचे. पोलिसांपुढे साक्षीदाराने जे सांगितले आणि न्यायालयात जे सांगितले, त्यांत विसंगती असेल तर जबाबातले नेमके वाक्य साक्षीदाराला दाखवावे लागते. ते वाक्य कंसात घालून त्यावर ‘भाग अ’ अशी खूण होते. मग तपास अधिकारी साक्षीला आला की, ‘हा भाग साक्षीदाराने सांगितला तसाच मी लिहिला’ असे त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. ही दुसरी पायरी विसरली तर पहिल्या पायरीवरचा उलटतपास कितीही चांगला झालेला असो, विसंगती शाबित होत नाही. साक्षीदाराने पोलिसांना सांगायची राहून गेलेली महत्त्वाची गोष्टही विसंगती ठरू शकते. तिच्या मर्यादा १९५९च्या तहसीलदार सिंह निकालाने आखून दिल्या आणि बचावाचे वकील आजही त्याच निकालाच्या आधाराने चालतात.

चौथे काम बचावाच्या स्वतःच्या कागदांचे. आरोपी त्या वेळी कामावर होता, तर कारखान्याचे हजेरीपत्रक. रुग्णालयात होता, तर केसपेपर. गावी होता, तर रेल्वेचे आरक्षण आणि बँकेच्या व्यवहाराची नोंद. प्रत्येक कागदाबाबत तीन प्रश्न विचारायचे असतात: हा कुणी केला, आजवर कुणाच्या ताब्यात होता आणि न्यायालयात येऊन तो कोण शाबित करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर कागद कितीही खरा असला तरी कामाचा नाही. दोन्ही पक्षांच्या कागदांची यादी समोरच्याला देऊन, खरेपणा मान्य आहे की नाही हे विचारण्याची सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९४मध्ये होती, ती नव्या संहितेच्या कलम ३३०मध्ये आहे. मान्य झाला तर साक्षीदार बोलवायचे कष्ट वाचतात. बचावाला काही सांगायचे नसेल तर पुरावा बंद केल्याची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली जाते. कित्येक खटल्यांत ही पुरशिस पुरावा नाही म्हणून दिली जात नाही. पुरावा वेळेत गोळा केलेला नसतो, म्हणून ती देण्याची वेळ येते.

कागद हाताळण्याची शिस्त यातच येते. मूळ कागदाला भोक पाडायचे नाही, पिन मारायची नाही, त्यावर पेनाने काही लिहायचे नाही. मूळ कागद पारदर्शक पाकिटात ठेवायचा आणि काम प्रतीवर करायचे. न्यायालयासाठी, सरकारी वकिलासाठी, साक्षीदाराला दाखवण्यासाठी आणि स्वतःसाठी असे चार संच लावायचे आणि चारही संचांतले पान क्रमांक एकच ठेवायचे. फोटो असेल तर कुणी काढला, कधी आणि कुठे काढला, हे वेगळ्या कागदावर लिहून जोडायचे. पेनड्राइव्ह असेल तर पाकिटावर तिची कंपनी, तिच्यावरचा अनुक्रमांक, क्षमता, आतल्या फायलींची नावे आणि ती कुणाकडून कोणत्या तारखेला मिळाली, हे सगळे लिहायचे.

कालिन्याचा रस्ता

कुर्ला पश्चिमेकडून सांताक्रूझकडे निघाले की मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसराजवळ कालिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा लागते. १९५८मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेकडे मुंबईतल्या पोलीस ठाण्यांचा मुद्देमाल तपासणीसाठी येतो. रक्त, विष, दारूगोळा, मोबाईल असे सगळे. इथून निघणाऱ्या अहवालाला कोर्टात अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. रासायनिक विश्लेषक या जुन्या पदाचे नाव त्यात टिकून राहिले आहे. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या पाकिटावर जी मोहोर असते, तिचा नमुना वेगळा पाठवला जातो. पाकीट उघडण्याआधी दोन्ही मोहोरा ताडून पाहिल्या जातात आणि सील अखंड होते, नमुन्याप्रमाणे होते, अशी नोंद होते. सगळ्या अहवालातली बचावाचा वकील सर्वांत आधी वाचतो ती हीच ओळ.

या ओळीचे वजन २१ जुलै २०२५ रोजी सगळ्या देशाने पाहिले. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट होऊन १८०हून अधिक माणसे मेली, ८००च्या वर जखमी झाली. त्या खटल्यात २०१५मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. आरडीएक्स, डिटोनेटर, कुकर, सर्किट बोर्ड, नकाशे अशा जप्तींचा मोठा पसारा त्या खटल्यात होता. पण या वस्तू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत योग्य ताब्यात होत्या आणि त्यांचे सील अखंड होते, हे सरकार पक्षाला शाबित करता आले नाही. म्हणून त्या जप्तींना पुरावा म्हणून किंमत उरली नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. कबुलीजबाब आणि ओळखपरेड यांवरही न्यायालयाने कठोर शेरे मारले. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली, ती इतर खटल्यांत तो दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवण्याचा आदेश झाला नाही. बारांपैकी एकाचा २०२१मध्ये तुरुंगवासातच मृत्यू झाला होता. त्याच्या बाबतीत निकाल आला तो चार वर्षे उशिरा.

एवढ्या मोठ्या तपासात लाखेची मोहोर आणि कागदाचे लेबल ही शेवटची गोष्ट वाटत असेल. पण कोणत्याही जप्तीपंचनाम्याचा उलटतपास तिथूनच सुरू होतो. वस्तू जप्त करणारा अंमलदार रात्रभराच्या जागरणाने थकलेला असतो. पंच म्हणून रस्त्यावरचा कुणीतरी पकडून आणलेला असतो, आणि तो साक्षीला उभा राहतो तेव्हा पुष्कळदा काही वर्षे लोटलेली असतात. त्या वेळी आधार एकच असतो, लेबलावर तेव्हा काय लिहिले. लेबलावर गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, वेळ, वस्तूचे वर्णन आणि सह्या असतील, तर अंमलदाराला स्मरणशक्ती ताणावी लागत नाही. नसतील, तर आरोपी दोषी असला तरी सुटू शकतो आणि निर्दोष असला तरी सुटायला वीस वर्षे लागू शकतात.

लोकल स्फोटांच्या निकालाआधी सहाच दिवस, १५ जुलै २०२५ रोजी, तामिळनाडूतल्या कट्टावेल्लई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही डीएनए नमुन्यांच्या हाताळणीत दोष आढळल्यामुळे फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडले. त्याच निकालात देशभरासाठी सूचना आहेत. नमुना घेताना गुन्ह्याचा क्रमांक, कलमे, तपास अधिकारी आणि अनुक्रमांक त्यावर लिहावा. तो ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडू नये. आणि तो नमुना कुणाकुणाच्या हातून गेला याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवावी. आरोपीच्या वकिलाने आपल्या टेबलावर आखलेला तक्ता आता पोलिसांनीच भरायचा आहे.

जालन्याच्या निवडणुकीतून

कुर्ल्याच्या टर्मिनसवरचे चित्रण ज्या कारणाने बाहेर राहिले, ते कारण पक्के झाले ते मराठवाड्यातल्या एका निवडणुकीमुळे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर स्वीकारले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. त्यासाठी त्यांना निवडणूक कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रण हवे होते. चित्रण मिळाले, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी कलम ६५बचा दाखला दिला नाही.

१४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर दाखला अनिवार्य आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर दाखल्याची गरज नाही. आणि दाखला मिळवण्यासाठी शक्य ते सगळे करूनही समोरच्या अधिकाऱ्याने तो दिला नाही, तर न्यायालय सवलत देऊ शकते. गोरंट्याल यांना ती सवलत मिळाली, कारण त्यांनी लेखी मागणी केल्याचे पुरावे जपून ठेवले होते.

या शेवटच्या भागात आरोपीच्या वकिलासाठी मोठा धडा आहे. सरकार पक्षाकडे पोलीस असतात, पत्र गेले की कंपन्या उत्तर देतात. आरोपीकडे तसे काही नसते. दुकानदार त्याच्या कॅमेऱ्याचे चित्रण द्यायला घाबरतो, सोसायटीचा सेक्रेटरी ‘पोलिसांना घेऊन या’ म्हणतो. म्हणून मागणी पहिल्या आठवड्यातच लेखी करावी, पोच घ्यावी, नाही दिले तर न्यायालयात अर्ज करावा आणि त्या अर्जाची प्रतही फाईलला लावावी. दुकानांतले, इमारतींतले चित्रण काही आठवड्यांत पुसले जाऊन त्याच जागेवर नवे चढते. मोबाईलच्या कॉलनोंदी कंपन्यांनी किमान दोन वर्षे ठेवाव्यात असा नियम २०२१च्या डिसेंबरात आला. खटला मात्र पुष्कळदा त्यानंतर उभा राहतो.

पोलीस ठाण्यातही कॅमेरे असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले. त्यातले चित्रण १८ महिने जपले पाहिजे, आणि यंत्राची तेवढी क्षमता नसेल तरी कमीत कमी एक वर्ष. कोठडीत मारहाण झाली, कबुली जबरदस्तीने घेतली, अटक कागदावर दाखवल्याच्या आधीच झाली, असे ज्या आरोपीचे म्हणणे आहे त्याच्यासाठी याहून मोलाची निशाणी नाही. ती मागायला विसरणारे वकील मात्र पुष्कळ आहेत.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. कलम ६५बची जागा कलम ६३ने घेतली. दाखल्याचा नमुना आता कायद्याच्या परिशिष्टातच छापला आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचे ‘हॅश मूल्य’ लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. आतला एक ठिपका जरी बदलला तरी हे आकडे-अक्षरांचे मूल्य पूर्ण बदलते. जप्तीच्या दिवशीचे मूल्य आणि न्यायालयात फाईल उघडताना येणारे मूल्य जुळले, तर मधल्या काळात फाईलला कुणी हात लावला नाही हे कळते. संगणकाच्या जगातली लाखेची मोहोर ती हीच. नव्या संहितेच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे केले आहे. म्हणजे पंचांच्या सह्यांबरोबर आता त्या चित्रीकरणाचीही तपासणी बचावाला करावी लागेल, कुठे सुरू झाले, कुठे तुटले, किती वाजता थांबले.

९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची ३३२ क्रमांकाची विजेवरची बस गर्दीत घुसली आणि माणसे चिरडली गेली. चूक चालकाची की गाडीची, हा प्रश्न त्या रात्रीपासूनच विचारला जाऊ लागला. अशा प्रश्नाचे उत्तर साक्षीदारांच्या आठवणीपेक्षा यंत्रांतल्या नोंदींत अधिक सापडते: बसमधले कॅमेरे, गाडीची तांत्रिक तपासणी, दुरुस्तीच्या वह्या, चालकाला दिलेल्या प्रशिक्षणाचे कागद. उद्या असा कोणताही खटला उभा राहील तेव्हा यातला प्रत्येक कागद कुणाच्या सहीने, कोणत्या तारखेला, कोणत्या दाखल्यासह येतो, यावर तो चालेल.

एक पोस्टकार्ड

ज्या लोकमान्यांचे नाव कुर्ल्याच्या टर्मिनसला आहे, ते स्वतः १९०८मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते आणि आपला बचाव त्यांनी स्वतः केला होता. २४ जून १९०८ला त्यांना अटक झाली. ‘केसरी’तले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख राजद्रोहाचे म्हणून पुढे आले. पुण्यातल्या त्यांच्या घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. सरकारने ते पोस्टकार्ड पुराव्यात घातले. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची होती, त्यासाठी ती नावे टिपून ठेवली होती, असा टिळकांचा खुलासा होता.

लेखांची जी इंग्रजी भाषांतरे न्यायालयापुढे ठेवली होती, तीच मुळात विपर्यस्त आहेत, असा टिळकांचा आक्षेप होता. त्यांनी सरकारी भाषांतरकाराला एकेका मराठी शब्दावर उलटतपासात घेतले. स्वतःच्या बाजूने त्यांनी वर्तमानपत्रांचे अंक दाखल केले, आपण लिहिले ते एका चाललेल्या वादाचे उत्तर होते हे दाखवण्यासाठी. त्यांचे भाषण २१ तासांहून अधिक चालले. २२ जुलै १९०८च्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्या. दिनशा दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

भाषांतराचा तो प्रश्न कुर्ल्यात आजही जिवंत आहे. इथल्या वस्त्यांत मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, गुजराती बोलणारी माणसे शेजारी राहतात. साक्षीदार हिंदीत बोलतो, अंमलदार मराठीत लिहितो, सत्र न्यायालयात जबाब इंग्रजीत टंकलिखित होतो. ‘ढकलले’ आणि ‘मारले’ या दोन शब्दांमधले अंतर एखाद्याच्या आयुष्याची वर्षे ठरवू शकते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा वकील भाषांतराला कधी मूळ कागदाशिवाय निशाणी पडू देत नाही.

कुणाच्या खिशातून

हे सगळे काम वेळ खाते आणि वेळेला पैसे लागतात. तज्ज्ञाकडून फाईलची तपासणी, प्रमाणित नकलांची फी, साक्षीदारांचा प्रवासखर्च, रोजगार बुडवून तारखेला येणारे नातेवाईक. कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२खाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचे उत्पन्न कितीही असो. गंभीर खटल्यांत असा वकील आदल्या दिवशी नेमून दुसऱ्या दिवशी साक्ष घेणे न्याय्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये अनोखीलाल प्रकरणात बजावले. जिथे शिक्षा फाशी किंवा जन्मठेपेची होऊ शकते तिथे किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील हवा आणि त्याला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी मिळाले पाहिजेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली, तीही याच गरजेतून.

आपल्या घरातल्या कुणावर खटला आला, तर घाबरून बसण्याआधी कागद गोळा करावेत. त्या दिवशीची बिले, तिकिटे, मेसेज, केसपेपर मूळ स्वरूपात जपावेत. मोबाईल फॉरमॅट करू नये, तो बदलू नये. जवळपासच्या कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याच आठवड्यात लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. पोलिसांनी काही जप्त केले तर पंचनाम्याची प्रत मागावी. वस्तू आपल्यासमोर सीलबंद झाली की नाही, हे लक्षात ठेवून त्याच रात्री लिहून काढावे.

आणि हे फक्त आरोपीसाठी नाही. मछलीपट्टणममधल्या त्या घरी २०१५मध्ये निकाल पोहोचला, २०१८मध्ये पोहोचला आणि २०२५मध्ये पुन्हा पोहोचला. कुर्ल्याच्या टर्मिनसवर उतरलेल्या त्यांच्या मुलीच्या खुनाबद्दल आज कायद्याच्या लेखी कुणीही दोषी नाही.